पोर जेवण टाळू लागलं तर घरच्यांनी काय करावं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची कितीतरी मुलं मराठी शाळेतून निघून पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजी-कन्नड वर्गात बसतात. आपण कोण, हा प्रश्न याच वयात छळतो. तेव्हा भूक मारणं आणि उतरणारं वजन हीच काहींना आपली ओळख वाटू लागते. हा खाण्याचा विकार, म्हणजे आजारच; त्यात आनुवंशिकता, डाएट, चिडवणं यांचाही वाटा असतो. दोष ना आईवडिलांचा, ना पोराचा.

लक्षणं बघा: डबा न उघडता परत येणं, जेवल्याबरोबर मोरीत जाणं, पाळी थांबणं, सतत थंडी वाजणं, चक्कर. श्रावणातले नि नवरात्रातले उपास संपले तरी 'उपास' चालूच असेल तर सावध व्हा. मुलगेही सुटत नाहीत. वजनगटासाठी पाणी तोडणाऱ्या तालमीतल्या पोरांकडे लक्ष ठेवा. बुलिमियात (भरमसाट खाऊन मग उलटी काढण्यासारख्या प्रकारात) वजन नेहमीसारखं असू शकतं, तेव्हा अंगकाठीवर जाऊ नका.

आधी डॉक्टर. नाडी, रक्तदाब, ईसीजी आणि रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फेट तपासून घ्या. बरेच दिवस उपाशी असलेल्याला घरीच एकदम भरपूर खाऊ घालू नका: फॉस्फेट झपाट्याने उतरून हृदयावर बेततं. जागेपणी नाडी मिनिटाला 50 च्या खाली, शुद्ध हरपणं किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

डॉक्टरांनी घरी ठेवायला हरकत नाही म्हटलं, की जेवणाचा ताबा काही काळ मोठ्यांनी घ्यायचा. तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा खाणं, वेळा ठरलेल्या. भाकरी, भात, तूप, शेंगदाण्याची चटणी, घरात शिजतं तेच वाढा. कॅलरीवर वाद घालू नका. सोबत बसा आणि जेवणानंतर तासभर जवळच थांबा, कारण उलटीची ओढ तेव्हाच जास्त असते. उलटी झालीच तर लगेच दात घासायला लावू नका, आम्लाने मऊ पडलेलं आवरण झिजतं. नुसत्या पाण्याने चूळ भरू द्या.

बोलताना आजार वेगळा, पोर वेगळं ठेवा. 'तू हट्टी आहेस' नको. 'हा आजार तुला खाऊ देत नाही, आम्ही तुझ्या बाजूने आहोत' म्हणा. 'आता भरलीस, छान दिसतेस' हे तर मुळीच नको, तिला त्यात 'जाड झालीस' एवढंच ऐकू येतं. वजन सावरू लागलं की निर्णय हळूहळू तिच्याकडे परत द्या, आधी एक खाणं, मग एक जेवण. आजाराने व्यापलेली जागा रिकामी राहिली तर तो परततो, म्हणून ढोलपथक, चित्रकला, जुन्या मैत्रिणी, कन्नड शिकवणारी शेजारीण, जे तिला ओढेल त्याला वेळ द्या.

मदतीसाठी धारवाडची डिम्हान्स ही मानसिक आरोग्य संस्था जवळ पडते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर दिवसरात्र बोलता येतं; मराठीत बोलायचं असेल तर तसं सांगा.