जुनी नाणी: हाताळणी आणि साठवण

नाणं हाती आलं की आधी त्याचा धातू ओळखा, कारण शिशाला जे चालतं ते तांब्याला चालत नाही. खान्देशातल्या संग्राहकाकडे सातवाहनांची शिशाची व पोटीनची (तांबं, कथील, शिसं यांच्या मिश्रधातूची) नाणी, पश्चिमी क्षत्रपांची चांदीची, खान्देशच्या फारुकी सुलतानांची तांब्याची, बऱ्हाणपूर टांकसाळीचे मुघल रुपये आणि मराठ्यांच्या तांब्याच्या शिवराया असं सगळंच एकत्र असतं. ते एकाच डब्यात कोंबू नका.

नाणं घासायचं नाही. चिंच, लिंबू, राख, दंतमंजन यांतलं काहीच नको. क्षत्रपांचं चांदीचं नाणं जेमतेम दोन ग्रॅमचं. राजाच्या डोक्यामागे बारीक ब्राह्मी अंकांत शक वर्ष, मागच्या बाजूला कडेनं राजाचं आणि त्याच्या वडिलांचं नाव. रुद्रसेन, रुद्रसिंह ही नावं या घराण्यात पुन्हापुन्हा येतात, म्हणून वडिलांचं नाव आणि वर्ष झिजलं की नाणं नेमक्या कोणत्या राजाचं हे ठरवणं फार कठीण होतं. तांब्यावरचा घट्ट, गुळगुळीत हिरवा-तपकिरी थरही काढू नका. आतल्या धातूला तोच राखतो.

तांब्याच्या नाण्यावर माती घट्ट बसली असेल तर ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा आणि पाणी रोज बदला. बोअरच्या पाण्यात क्लोराइड असतात, ते वापरू नका. माती सुटली की बांबूच्या टूथपिकनं हलकेच काढा आणि नाणं पूर्ण सुकवा. शिशाचं नाणं मात्र पाण्यात घालू नका, शुद्ध पाणीसुद्धा शिसं खातं. त्याला फक्त कोरडा मऊ ब्रश.

नाणं कडेनं धरावं, खाली जाड टॉवेल अंथरलेला असावा. पोटीन ठिसूळ असतं, फरशीवर पडलं की तुटू शकतं. घामातल्या मिठानं धातूवर बोटांचे ठसे कायमचे उमटतात, म्हणून नायट्राइलचे हातमोजे घाला. सुती मोज्यांतून नाणं निसटतं. शिशावरची पांढरी भुकटी विषारी असते. हाताळून झालं की साबणानं हात धुवा, लहान मुलांना ती नाणी देऊ नका.

बाजारात मिळणारे मऊ, वास येणारे प्लॅस्टिकचे अल्बम पीव्हीसीचे असतात. काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. तो शुद्ध अ‍ॅसिटोननं, काचेच्या वाटीत, उघड्या खिडकीशी आणि आगीपासून लांब काढता येतो. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही. साठवायला मायलरची (पॉलिएस्टरच्या पारदर्शक फिल्मची) पाकिटं घ्या. शिशाला प्लायवूडचं कपाट, लाकडी पेटी, पुठ्ठा यांपासून दूर ठेवा, त्यांतून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेनं त्यावर पांढरी भुकटी धरते. चांदीजवळ रबरबँड नको, त्यातल्या गंधकानं ती काळी पडते.

इथला उन्हाळा कोरडा, म्हणून दमटपणाची काळजी फक्त पावसाळ्यात घ्यायची असं अनेकांना वाटतं. पण मे महिन्यात दिवसभर कूलर चालणाऱ्या खोलीतली हवा चांगलीच ओली असते. त्या खोलीत नाणी नकोत, तापणाऱ्या पत्र्याखालीही नकोत. हवाबंद डब्यात ओलावा शोषणारं सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. तांब्यासाठी आकडा ४० टक्क्यांच्या खाली हवा. नारंगी जेल ओलावा शोषून हिरवं झालं की ओव्हनमध्ये सुमारे ११० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा.

तांब्यावर फिकट हिरवे, टूथपिकनं सहज झडणारे भुकटीचे ठिपके दिसले तर तो ब्राँझ डिसीज. धातूतलं क्लोराइड ओलावा आणि ऑक्सिजन मिळाला की आतून पोखरत जातं. ते नाणं लगेच वेगळ्या कोरड्या डबीत ठेवा आणि जाणकार संवर्धकाला दाखवा. वरून तेल किंवा वार्निश लावलं तर आतला रोग झाकला जातो, थांबत नाही.

प्रत्येक नाण्याची नोंद वहीत करा: ०.०१ ग्रॅमपर्यंतचं वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे फोटो, कुठून घेतलं, पावती. तापी-गिरणेच्या काठी किंवा शेतात नांगरताना पुरलेला ठेवा सापडला आणि त्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. तोवर त्यातलं एकही नाणं धुऊ नका, वेगळं काढू नका; मडकं असेल तर तेही जपून ठेवा, कारण कोणती नाणी एकत्र पुरली होती यावरून ठेव्याचा काळ ठरतो.