खताची टाकी पांढरी का होते? द्रावण करताना या चुका टाळा

ड्रिपच्या टाकीत खत टाकलं, ढवळलं, आणि पाणी ताकासारखं पांढरं झालं. ऑक्टोबर छाटणीनंतर नाशिकच्या निफाड, दिंडोरी, पिंपळगाव भागातल्या द्राक्षबागांमध्ये हे चित्र हमखास दिसतं. अशा वेळी "खत भेसळीचं निघालं" म्हणण्याआधी एक तपासणी करा. त्या गढूळ पाण्याचा एक ग्लास घ्या, कोमट करा आणि ढवळा. पाणी निवळलं, तर खत चांगलं आहे. थंड पाण्याची विरघळवण्याची मर्यादा संपली होती, एवढंच. कोमट करूनही पांढरेपणा तसाच राहिला, तर बहुधा दोन खतांची किंवा खताची आणि पाण्यातल्या क्षारांची रासायनिक क्रिया होऊन तिसराच न विरघळणारा पदार्थ तयार झालेला असतो. या दोन्ही दोषांवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत.

थंडीच्या पाण्यात उन्हाळ्याचं प्रमाण

"वॉटर सोल्युबल" असं पोत्यावर छापलेलं असलं, तरी प्रत्येक खताची मर्यादा वेगळी असते आणि ती तापमानाबरोबर बदलते. 20 अंश सेल्सिअसला 100 लिटर पाण्यात युरिया 100 किलोहून जास्त विरघळतो, 13-0-45 म्हणजे पोटॅशियम नायट्रेट सुमारे 31 किलो, 0-52-34 म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट सुमारे 22 किलो, आणि 0-0-50 म्हणजे पोटॅशियम सल्फेट जेमतेम 11 किलो. पाणी 10 अंशांवर आलं, की 0-0-50 ची मर्यादा 9 किलोच्या थोडी वर राहते आणि 13-0-45 ची 21 किलोवर येते.

जानेवारीत निफाडचा पारा एक आकडी होतो. रात्रभर उघड्यावर राहिलेल्या टाकीतल्या पाण्यात सकाळी सात वाजता 100 लिटरला 10 किलो 0-0-50 टाकलं, तर कितीही ढवळलं तरी तळाशी साका राहणारच. मर्यादेच्या जवळ गेलं की विरघळण्याचा वेगही मंदावतो. म्हणून थंडीत 0-0-50 साठी 100 लिटरला 6 किलो धरून चाला आणि द्रावण दुपारी अकरा-बाराच्या सुमारास करा.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडते, ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. युरिया आणि 13-0-45 विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतात. 100 लिटर पाण्यात 10 किलो 13-0-45 टाकलं की पाणी सुमारे 8 अंशांनी गार होतं. बादलीला बाहेरून हात लावला तरी कळतं. आता त्याच गार पाण्यात 0-0-50 टाकलं, तर ते दोन्ही बाजूंनी अडतं. एक तर पाणी थंड, आणि त्यात पोटॅशियमचे आयन (विरघळलेले भारित कण) आधीच भरपूर. तोच आयन पाण्यात अगोदर असेल, तर त्या आयनाच्या दुसऱ्या क्षाराची विद्राव्यता घटते. रसायनशास्त्रात याला समआयन परिणाम म्हणतात. त्यामुळे ही दोन खतं शक्यतो वेगवेगळ्या दिवशी सोडा. एकत्रच द्यायची असतील, तर 0-0-50 आधी पूर्ण विरघळवा, 13-0-45 नंतर टाका आणि पाणी दुप्पट घ्या.

कॅल्शियम नायट्रेट कशाबरोबरही

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कॅल्शियम नायट्रेट पाण्यात झटकन विरघळतं, मॅग्नेशियम सल्फेटही विरघळतं, म्हणून दोन्ही एकाच टाकीत जातात. पण कॅल्शियमला सल्फेट भेटलं की जिप्सम तयार होतं, आणि जिप्सम साध्या पाण्यात लिटरला फक्त दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. 200 लिटरच्या टाकीत दोन्ही खतं पाच-पाच किलो टाकली, तर दोन किलोहून जास्त जिप्सम तळाशी बसतं. तेवढं कॅल्शियम आणि सल्फर वेलीला मिळालंच नाही, वर फिल्टर बुजला तो वेगळाच.

यात फसगत होते ती वेळेमुळे. जिप्सम लगेच दिसेलच असं नाही. द्रावण पहिली काही मिनिटं काचेसारखं स्वच्छ राहतं, पंप सुरू होतो, आणि खडे पुढे लॅटरलमध्ये (ड्रिपर बसवलेल्या बारीक नळ्यांत) धरतात. कॅल्शियमबरोबर 12-61-0 (मोनोअमोनियम फॉस्फेट) किंवा 0-52-34 टाकलं, तर मात्र द्रावण डोळ्यांदेखत फाटतं. दुधात लिंबू पिळल्यासारख्या गुठळ्या दिसतात, त्या कॅल्शियम फॉस्फेटच्या. अशी टाकी ओतून द्या. ढवळून किंवा पाणी वाढवून ती सुधारत नाही.

नियम सोपा आहे: कॅल्शियम नायट्रेट एकटं, आणि शक्यतो वेगळ्या दिवशी. त्याच दिवशी द्यायचं असेल, तर मध्ये 15-20 मिनिटं साधं पाणी चालवून लाइन धुऊन घ्या.

शंका असेल तेव्हा आधी बाटलीत करून पाहा. 200 लिटरला 5 किलो म्हणजे लिटरला 25 ग्रॅम. एक लिटरच्या पारदर्शक बाटलीत विहिरीचं किंवा बोअरचं तेच पाणी घ्या, त्याच क्रमाने खतं टाका आणि निदान दोन तास ठेवा. पाच मिनिटं पाहून बाटली रिकामी केली, तर जिप्सम हातून निसटतं.

टाकी निवळ, लॅटरल मात्र बुजलेली

दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. त्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट दोन्ही असतात. 0-52-34 चं द्रावण आम्लधर्मी असल्यामुळे टाकीत सगळं स्वच्छ दिसतं. व्हेंचुरीतून (खत ओढून लाइनमध्ये सोडणाऱ्या जोडणीतून) ते मुख्य लाइनच्या पाण्यात मिसळलं, की आम्लता पातळ होते, सामू (pH) पुन्हा साडेसात-आठकडे जातो आणि फॉस्फेट तिथेच बसतं. म्हणजे टाकी बघून निर्णय घेणं पुरेसं नाही. शेवटच्या ड्रिपरखालचं पाणी ग्लासात धरून बघा. जड पाण्यात फॉस्फेट सोडताना लाइनमधल्या पाण्याचा सामू 6 ते 6.5 ठेवा.

फेरस सल्फेटचंही असंच. अल्कधर्मी पाण्यात ते तासाभरात तांबूस होतं, म्हणजे लोह गंजून खाली बसलं. अशा पाण्याला चिलेटेड लोह, म्हणजे सेंद्रिय रेणूत धरून ठेवलेलं लोह घ्या.

बोरिक अ‍ॅसिड 20 अंशांना 100 लिटरमध्ये पाच किलोच्या आतच विरघळतं. दहा लिटरच्या बादलीत एक किलो गरम पाण्याने विरघळवलं, तर थंड झाल्यावर चकचकीत पापुद्रे परत येतात. ती बादली गरम असतानाच मोठ्या टाकीत ओता.

फिल्टरमधला पांढरा थर कोणता?

सरसकट अ‍ॅसिड सोडण्याआधी थर ओळखा. हातमोजे आणि चष्मा घालून, चिमूटभर थर बशीत घ्या आणि त्यावर पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचे चार थेंब टाका. पातळ करताना पाण्यात अ‍ॅसिड ओतायचं, अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीच नाही. फसफसलं तर कार्बोनेट आहे. न फसफसता विरघळलं तर फॉस्फेट. या दोन्हींना अ‍ॅसिड ट्रीटमेंट लागू पडते. थर तसाच बसून राहिला तर ते जिप्सम, आणि त्यावर अ‍ॅसिडचे पैसे घालवू नका. लॅटरलची टोकं उघडून शेततळ्याचं हलकं पाणी बराच वेळ चालवा. लिटरला दोन ग्रॅम या हिशेबाने जेवढं निघेल तेवढंच निघतं, आणि पूर्ण बुजलेले ड्रिपर बदलावेच लागतात.