पहिलीच्या मुलांना आफ्रिकान्स शिकवताना

दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया शहरातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत मी पहिलीच्या वर्गाला शिकवते आणि त्यात आफ्रिकान्स ही डचपासून घडलेली इथली भाषाही येते. माझी मातृभाषा मराठी आहे; आफ्रिकान्स मी वयाच्या चौतिसाव्या वर्षी, मुलीचा गृहपाठ घेता यावा म्हणून शिकले. माझ्यासारखीच मोठेपणी ही भाषा शिकून लहान मुलांना शिकवू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून हे अनुभव लिहीत आहे.

नोकरीची बाजू आधी सांगते. भारतातील पदवीचे मूल्यांकन येथील पात्रता प्राधिकरणाकडून, म्हणजे 'साक्वा'कडून, करून घ्यावे लागते आणि शिक्षक परिषदेकडे, म्हणजे 'सेस'कडे, नोंदणी झाल्याशिवाय वर्गावर उभे राहता येत नाही. पहिली ते तिसरीत बहुधा वर्गशिक्षिकाच सर्व विषय घेते, त्यामुळे या वयोगटासाठी केवळ आफ्रिकान्स शिकवण्याची जागा क्वचितच निघते.

'कॅप्स' हा राष्ट्रीय अभ्यासक्रम २०१२ मध्ये या इयत्तांना लागू झाला, तेव्हापासून पहिलीतच 'घरच्या भाषे'बरोबर, म्हणजे आमच्या शाळेत इंग्रजीबरोबर, एक अतिरिक्त भाषा सुरू होते; आमच्याकडे ती आफ्रिकान्स आहे. पहिली-दुसरीत घरच्या भाषेला आठवड्याचे ७ ते ८ तास मिळतात, तर अतिरिक्त भाषेला २ ते ३. एवढ्या थोड्या वेळात काय करायचे आणि काय मुळीच करायचे नाही, हे ठरवण्यात माझे पहिले वर्ष चुकले.

त्या वर्षी जानेवारीतच मी चित्रांखाली शब्द छापलेले कागद वाटले. वह्या सुबक दिसत होत्या, पालकही खूश होते. पण मार्चमध्ये मी 'स्तान ओप', म्हणजे 'उभे राहा', असे म्हटले तेव्हा वर्गातले एकही मूल उठले नाही. मुलांनी शब्द ऐकलेच नव्हते, फक्त पाहिले होते, आणि पाहिलेले त्यांनी त्याच आठवड्यात शिकलेल्या इंग्रजी अक्षरांच्या आवाजाने वाचले होते. आफ्रिकान्समध्ये 'जे' या अक्षराचा उच्चार 'य' होतो, 'व्ही'चा 'फ' आणि 'डब्ल्यू'चा 'व'. त्यामुळे 'यास', म्हणजे कोट, हा शब्द मुलांच्या तोंडी 'जॅस' झाला होता आणि 'फिस', म्हणजे मासा, 'व्हिस' झाला होता. या दोन भाषांत एक वाक्य अक्षरशः सारखेच लिहिले जाते. इंग्रजी शिकलेला माणूस ते 'माय हँड इज इन वॉर्म वॉटर' असे वाचतो आणि आफ्रिकान्स बोलणारा 'मेय हांत इस इन वारम वातर' असे. अर्थही एकच, 'माझा हात कोमट पाण्यात आहे'. ज्या मुलाने ते आधी कानाने ऐकले असेल, त्याला लिहिलेले वाक्य पुढे अडवत नाही; ज्याने आधी डोळ्यांनी पाहिले, त्याचा इंग्रजी उच्चार मोडायला मला वर्षभर झगडावे लागले.

म्हणून आता पहिल्या सत्रात मी काहीही लिहून घेत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी मांडलेली पद्धत, जिच्यात शिक्षक आज्ञा देतो आणि मुले हालचालीने उत्तर देतात, ती अभ्यासक्रमानेही सुचवली आहे. बसा, उडी मारा, गोल फिरा, लाल चेंडू दाखवा. मुलाने तोंड उघडले नाही तरी त्याला समजले आहे की नाही, हे त्याच्या पायांवरून कळते, आणि बोलण्याची सक्ती नसल्याने लाजरी मुलेही खेळात येतात. बोलायला ती आपणहून लागतात, कोणी तीन आठवड्यांनी, कोणी सहा महिन्यांनी.

मराठी शिक्षकाला काही गोष्टी सोप्या जातात. आफ्रिकान्समध्ये नामांना लिंग नाही आणि कर्ता बदलला तरी क्रियापद बदलत नाही, हे तीन लिंगे सांभाळणाऱ्या आपल्याला हलके वाटते. आकडेही आपल्यासारखेच एककापासून सुरू होतात: चोवीस म्हणजे 'फीर-एन-ट्विंतख', चार आणि वीस. इंग्रजीची सवय असलेली मुले पुढच्या इयत्तांत ऐकून ४२ लिहितात. ही चूक कुठून येते, हे मला तात्काळ उमगले. अवघड गेला तो 'जी'चा उच्चार. तो आपला 'ख' नव्हे, तर उर्दूतल्या 'ख़ुशी'च्या ख़ासारखा घशातून घासून येणारा आवाज आहे, आणि एका सहकारी शिक्षिकेने न कंटाळता माझ्याकडून तो घोटून घेतला. ज्या उच्चारात आपण कच्चे आहोत तो मुले आपल्याकडूनच उचलणार, म्हणून वर्गावर जाण्यापूर्वी हा सराव करावाच.

नकार दोनदा लागतो. 'मी दमलेलो नाही' हे 'एक इस नी मूख नी' असे होते, आणि शेवटचा 'नी' मुले हमखास गाळतात. नियम सांगून उपयोग होत नाही. प्रत्येक 'नी'ला टाळी वाजवली की वाक्य अपुरे राहिल्याचे त्यांच्या हातांनाच जाणवते. मात्र 'मला माहीत नाही' या अर्थाचे 'एक विअत नी' एका 'नी'वरच संपते, कारण तिथे दोन्ही 'नी' शेजारी आले असते.

या भाषेचा इतिहास जाणून न घेता कोणी वर्गात जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. निम्मे विषय आफ्रिकान्समधून शिकवण्याच्या तेव्हाच्या गोऱ्या राजवटीच्या सक्तीविरुद्ध १६ जून १९७६ रोजी जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या पिढीतील माणसे आज माझ्या वर्गातल्या मुलांचे आजी-आजोबा आहेत. एका आजींनी फाटकापाशी मला सांगितले की नातीच्या तोंडून ही भाषा ऐकवत नाही. मी वाद घातला नाही, आणि त्या मुलीला घरी पाठ करण्यासाठी काही दिले नाही. तिचे शिकणे वर्गातल्या खेळापुरतेच ठेवले. पण ही भाषा केवळ गोऱ्यांची नाही, हेही खरे आहे. ती मातृभाषा असलेल्यांत गोरे नसलेलेच अधिक आहेत, आणि एकोणिसाव्या शतकात केप टाउन परिसरातील मुस्लिमांनी ती अरबी लिपीत लिहिली. 'पीसांग' म्हणजे केळे आणि 'पीरिंग' म्हणजे बशी, हे शब्द तिच्यात मलय भाषेतून आले. वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मी केळे आणि बशीच वर्गात नेते, आणि त्यांच्यासोबत लोणच्याची एक बरणी, कारण लोणच्याला आफ्रिकान्समध्येही 'अचार'च म्हणतात.