संगणक गोठवण्यापूर्वीची तयारी

शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या संगणक कक्षात एकाच यंत्राला दिवसभर अनेकांचे पेनड्राइव्ह लागतात. तिथे रीस्टार्ट करताच यंत्र मूळ स्थितीत आणणारे सॉफ्टवेअर मोठा आधार ठरते; यालाच यंत्र ‘गोठवणे’ म्हणतात. त्यासाठी डीप फ्रीझसारखी विकतची साधने आहेत. विंडोज 10 आणि 11 च्या एंटरप्राइझ व एज्युकेशन आवृत्त्यांत युनिफाइड राइट फिल्टर ही सोय आधीपासूनच असते, मात्र होम आणि प्रो आवृत्त्यांत ती मिळत नाही, म्हणून प्रथम आपली आवृत्ती पाहून घ्यावी.

सर्वाधिक वेळ द्यावा तो गोठवण्याआधीच्या स्वच्छतेला. यंत्रात आधीच शिरलेला व्हायरस गोठवला गेला, तर तोही प्रत्येक रीस्टार्टनंतर नेमाने परत येईल. विंडोजमधल्याच डिफेंडर या अँटिव्हायरसची ऑफलाइन तपासणी करावी आणि जरा जरी शंका उरली तरी विंडोज नव्याने टाकावे. त्यानंतर सर्व अपडेट, प्रिंटरचे ड्रायव्हर, मराठी फाँट आणि इनस्क्रिप्ट कळफलक बसवून घ्यावेत. गोठवल्यानंतर केलेला कोणताही बदल टिकत नाही.

रोजच्या वापरासाठी साधे खाते ठेवावे, कारण अॅडमिनचे अधिकार हाती आलेला मालवेअर (घातक प्रोग्राम) हे संरक्षण बंदही करू शकतो. बायोसला (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगला) पासवर्ड घालावा, पेनड्राइव्हवरून बूट होणे बंद करावे आणि सिक्युअर बूट (फक्त विश्वासार्ह प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) चालू ठेवावे.

विद्यार्थ्यांच्या फायलींसाठी न गोठवलेले वेगळे पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र भाग) हवे आणि ते कोणते, हे प्रत्येक यंत्राजवळ ठळक लिहून लावावे, नाहीतर तासभर टाइप केलेला निबंध रीस्टार्टसरशी नाहीसा होईल. हेच पार्टिशन रॅन्समवेअरलाही (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या मालवेअरला) मोकळे असते, त्यामुळे त्याचा बॅकअप एरवी काढून ठेवलेल्या बाह्य डिस्कवर नियमित घ्यावा.

राइट फिल्टर सर्व बदल तात्पुरते एका ओव्हरलेमध्ये साठवतो. मूळ सेटिंगमध्ये हा ओव्हरले रॅममध्ये असतो आणि त्याची मर्यादा 1024 एमबी असते. दिवसभराच्या वापरात ती भरून यंत्र अडखळू शकते, म्हणून मर्यादा वाढवावी किंवा ओव्हरले डिस्कवर ठेवावा. हायबरनेशन व फास्ट स्टार्टअप दोन्ही बंद करावेत.

गोठवण तात्पुरती उठवून अपडेट करण्यासाठी ठरावीक वार आणि वेळ राखून ठेवणे मला अत्यावश्यक वाटते. वॉनाक्राय हा रॅन्समवेअर मे 2017 मध्ये पसरला, पण ज्या त्रुटीतून तो शिरला तिच्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. तो न बसवता गोठवलेले यंत्र रीस्टार्टनंतर स्वच्छ झाले असते, पण नेटवर्कवरून पुन्हा बाधित होण्याइतकेच उघडेही राहिले असते.

चोरीला गेलेला पासवर्ड मात्र कोणतेही रोलबॅक, म्हणजे यंत्र मूळ स्थितीत नेणे, परत आणत नाही. म्हणून प्रत्येक वापरकर्त्यानंतर यंत्र रीस्टार्ट करण्याची शिस्त लावावी आणि अशा सामाईक यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत, असे सर्वांना स्पष्ट सांगावे.

शेवटी डेस्कटॉपवर एक आणि खुल्या पार्टिशनवर एक अशा दोन चाचणी फायली ठेवून यंत्र रीस्टार्ट करावे. पहिली नाहीशी झाली आणि दुसरी जागेवर राहिली, तरच कक्ष वापरासाठी उघडावा.