निघोज ते माळशेज: एकट्याने निघण्याआधी

पुणे, शिरूर, निघोज, बेल्हे, आळेफाटा, ओतूर, माळशेज आणि जुन्नर-नारायणगाववरून घरी, सगळं मोटरसायकलवर. अंतर तीनशे किलोमीटरच्या पुढे जातं. एका दिवसात बसतं, पण वाटेत उतरून दगड बघायचे असतील तर तयारी आदल्या रात्रीच संपलेली हवी. हे दगड ज्वालामुखीचे, पण धूर सोडणारा शंकूसारखा डोंगर इथे शोधू नका. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहत राहिला, थरावर थर चढले, तोच हा आपला काळा कातळ. बघण्यासारखं बरंचसं पायउतार झाल्यावरच दिसतं, म्हणून सामानही थांबण्याच्या हिशेबाने भरायचं.

महिना नोव्हेंबर ते जानेवारीतला धरा. पावसात माळशेज देखणा दिसतो हे मान्य, पण धुकं, दरडी आणि धबधब्याखालची हुल्लड यांत एकट्याने कशाला अडकायचं? शिवाय गवत पिवळं पडलं की कड्यातले आडवे थर स्वच्छ दिसतात.

गाडीत सगळ्यात आधी चेन. संध्याकाळी पुसून ल्यूब, म्हणजे वंगण, मारून ठेवली की सकाळी ते रिमवर उडत नाही. मागचं चाक हाताने फिरवत तीन-चार ठिकाणी चेन दाबून बघा. ती सगळीकडे सारखी ताणलेली नसते. जिथे सगळ्यात घट्ट लागेल तिथेच ढिलाई मोजायची, नाहीतर ॲडजस्ट करून करून चेन तिथे जास्तच ताणली जाते. हवा टायर थंड असताना तपासा. ब्रेक, दिवे, हॉर्न नेहमीचंच. पंक्चर किट, छोटा पंप आणि क्लचची जादा वायर सोबत असू द्या. पंक्चरची वात, म्हणजे टायरच्या भोकात खुपसायची रबरी पट्टी, घरी जुन्या टायरवर एकदा स्वतः घालून बघा. नुसता व्हिडिओ बघून हात बसत नाही.

निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पुराच्या पाण्यात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी कातळ कोरून ते झालेत. काठ गुळगुळीत, आतलं पाणी खोल, आणि रायडिंग बूट तिथे हमखास दगा देतात. पकड असलेले साधे कॅनव्हासचे बूट सॅकमध्ये टाका. हेल्मेट सांभाळायला कुणी नाही, तेव्हा केबलचं कुलूप घ्या. साइड स्टँडखाली सरकवायला प्लायचा तुकडा हवा, भुसभुशीत मातीत स्टँड रुततो.

एक भिंगही घ्या. दगडातले पांढरे ठिपके म्हणजे लाव्हातल्या बुडबुड्यांच्या पोकळीत मागाहून साचलेली खनिजं. बेल्ह्याजवळ गुळुंचवाडीला पाण्याने खालचा खडक झिजवून शिळापूल तयार झालाय. घाटाच्या कापात कुठे विटकरी पट्टा दिसला, तर दोन लाव्हांच्या मधल्या काळात तयार झालेली ती माती असू शकते. हातोडा मात्र घरीच राहू द्या.

घाटात नेटवर्क जातं, म्हणून नकाशा ऑफलाइन उतरवा आणि खिशात सुट्टे पैसे ठेवा. घरच्यांना नुसतं लोकेशन पाठवून भागत नाही. कुठून कुठे, किती वाजता, हे लिहून द्या. रक्तगट आणि घरचा नंबर जॅकेटच्या आतल्या खिशात, कागदावर.

माळशेजहून दुपारी साडेतीनलाच वळा. जुन्नर-नारायणगाव पट्ट्यात दुतर्फा ऊस आणि उसात बिबट्या, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. पण बिबट्यापेक्षा मला धास्ती असते ती गाळप हंगामातल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. पुढे चाकणच्या कोंडीत अंधार पडणारच, तेव्हा काळ्या काचेवर विसंबू नका. हेल्मेटची साधी पारदर्शक काच फडक्यात गुंडाळून टँक बॅगेत सगळ्यात वर ठेवा आणि नारायणगावला चहाला थांबाल तेव्हाच बदला.