मॉडेल विमान चिकटवताना या चुका टाळा

विमान आदळून तुटलं की आधी तुटलेली जागा पाहा. बाल्साचे (मॉडेलसाठी वापरतात त्या हलक्या लाकडाचे) तंतू फाटले असतील, तर जोड भक्कम होता. जोडाच्या रेषेवरच स्वच्छ सुटलं असेल, तर गोंदाची निवड किंवा चिकटवण्याची पद्धत चुकली.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सगळीकडे एकच बाटली वापरणं. फेविक्विकसारखा साधा सायनोअॅक्रिलेट थर्माकोलवर टाकला की थर्माकोल विरघळून खड्डा पडतो. त्यासाठी फोम-सेफ प्रकार मिळतो. तरीही आधी एखाद्या तुकड्यावर थेंब टाकून बघाच.

बाल्सावर पातळ सायनोअॅक्रिलेट उत्तम, पण तुकडे एकमेकांना घट्ट टेकलेले हवेत. फट असेल तर तो लाकडात शोषला जातो आणि जोड पोकळ राहतो. अशा ठिकाणी त्याचाच घट्ट प्रकार वापरा. त्याहून चांगलं म्हणजे तुकडा पुन्हा नीट कापा. घाई नसेल तर बाल्साला फेविकॉल पुरेसा आहे. टाचण्या लावून रात्रभर ठेवा, जोड छान बसतो. मात्र बाहेर आलेला फेविकॉल ओला असतानाच पुसा, वाळल्यावर तो पॉलिश पेपरला दाद देत नाही.

सायनोअॅक्रिलेट ठिसूळ असतो, धक्का सोसत नाही. म्हणून फायरवॉल (इंजिन किंवा मोटर बसवायची नाकातली फळी), लँडिंग गिअर आणि पंखांचा मधला जोड यांना इपॉक्सीच (राळ आणि हार्डनर हे दोन भाग मिसळून वापरायचा गोंद) लावा, तेही शक्यतो तीस मिनिटांत जमणारं. पाच मिनिटांच्या इपॉक्सीत पंखाचा कोन तपासायलाही वेळ उरत नाही. लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवणं तर साफ चूक. प्रमाण बिघडलं की मिश्रण दुसऱ्या दिवशीही चिकटच राहतं. ते खरवडून काढा आणि नवीन लावा. वरून दुसरा थर देऊन भागत नाही.

शेपटीकडे इपॉक्सी जपून वापरा. तिथे वजन वाढलं की तोल साधायला त्याच्या कितीतरी पट वजन नाकात घालावं लागतं.

पारदर्शक कॅनोपीला (कॉकपिटवरच्या झाकणाला) सायनोअॅक्रिलेट लावू नका, त्याच्या वाफेने पांढरी धुकट छटा येते. तिथे पांढरा गोंद चालतो. पावसाळ्यात सायनोअॅक्रिलेटची बाटली लवकर घट्ट होते, कारण तो ओलाव्यानेच जमतो. हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. सांडलेला सायनोअॅक्रिलेट कापसाने किंवा सुती कापडाने पुसू नका. तो इतका तापतो की भाजतं, धूरही येतो.