कुत्रा गुरगुरतो, अंगावर जातो? आधी त्याचं गुरगुरणं बंद करू नका

आमचा बंड्या नाशकातल्या इंदिरानगरच्या गल्लीतच जन्मलेला गावठी, आता साडेतीन वर्षांचा आहे. दीड वर्षाचा होईपर्यंत अख्ख्या गल्लीचा लाडका होता आणि मग एके दिवशी त्याने पाण्याचा जार आणणाऱ्या मुलाची पॅन्ट धरली. पाय नाही सापडला, नशीब. त्या दिवशी मी जे जे केलं ते सगळं चुकीचं होतं, म्हणजे ओरडलो, पेपरची गुंडाळी करून दोन हाणल्या, आणि दुपारभर साखळीला बांधून ठेवला. नंतर महिना दीड महिना तो गेटपाशी गुरगुरायचाच बंद झाला. आम्ही खूश, पोरगं सुधारलं! आणि मग एका सकाळी काहीही आवाज न करता तो थेट दूधवाल्याच्या अंगावर गेला.

तेव्हा कळलं की मी त्याची भीती नव्हतीच घालवली, फक्त त्याची घंटी काढून घेतली होती. गुरगुरणं म्हणजे कुत्रा तुम्हाला सांगतोय की "मला हे झेपत नाहीये, लांब व्हा". त्यासाठी मार खाल्ला की तो सांगायचं बंद करतो, वाटायचं ते वाटतच राहतं. म्हणून खाली जे काही लिहिलंय त्यातलं दुसरं काही जमलं नाही तरी एवढं करा, गुरगुरल्यावर मारू नका, गुपचूप दोन पावलं मागे घ्या आणि तो कशावर गुरगुरला ते बघा.

पहिलं काम, डॉक्टर

ट्रेनर नंतर. कुत्रा अचानक बदलला असेल, कालपर्यंत शांत होता आणि आज हात लावू देत नाही असं असेल तर बऱ्याचदा काहीतरी दुखत असतं. कानात इन्फेक्शन, दाताचा त्रास, गोचीड ताप, म्हाताऱ्या कुत्र्याला कमी दिसणं किंवा कमी ऐकू येणं, लॅब आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचं दुखणं. आमच्या शेजारच्या काकांचा नऊ वर्षांचा लॅब नातवावर गुरगुरायला लागला, घरात रडारड, कुत्रा देऊन टाकायची भाषा. डॉक्टरांनी मागचा पाय नुसता ताणला तर कुत्रा केकाटला. नातू रोज लाडाने त्याच्या पाठीवर रेलायचा, बस्स, एवढंच होतं. गोळ्या सुरू केल्या, नातवाला समजावलं, पुढे ट्रेनिंगची वेळच आली नाही.

नसबंदीबद्दल सगळेच विचारतात. नराचं भटकणं आणि माद्यांवरून होणारी भांडणं त्याने कमी होऊ शकतात, पण भीतीपोटी अंगावर जाणारा कुत्रा निव्वळ नसबंदीने शांत होईल असं धरून चालू नका.

मग एक वही करा

दोन आठवडे नुसतं लिहायचं. कोणावर गेला, कुठे, किती अंतरावरून, आधी काय झालं होतं. मला वाटत होतं बंड्या "कोणावरही जातो". वहीत बघितलं तर जवळजवळ प्रत्येक नोंदीत एकतर हेल्मेट होतं किंवा माणसाच्या खांद्यावर काहीतरी होतं, जार, सिलेंडर, कुरियरची मोठी बॅग. आणि सगळं गेटवर, रस्त्यावर एकदाही नाही. म्हणजे कुत्रा "चावरा" नव्हता, डोकं नसलेल्या आणि कुबड आलेल्या माणसांना घाबरत होता आणि गेट ही त्याची हद्द होती. प्रत्येकाच्या कुत्र्याचं कारण वेगळं निघेल, कोणाचं जेवणाचं ताट, कोणाचं लहान मूल, कोणाचं दुसरं कुत्रं. बरेच जण पिल्लू असताना, साधारण तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात, माणसं, आवाज, गाड्या पुरेशा बघत नाहीत आणि मग आयुष्यभर नवीन काही दिसलं की दचकतात.

गुरगुरण्याच्याही आधीची भाषा शिका

हे शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. कुत्रा चावायच्या आधी बरंच बोलतो. झोप नसताना जांभई देतो, नाकावरून जीभ फिरवतो, तोंड वळवतो पण डोळा तुमच्यावर ठेवतो आणि डोळ्याचा पांढरा भाग दिसतो. बंड्या हाड चघळत असताना मी जवळून गेलो की आधी त्याचं चघळणं थांबायचं. दात हाडावर तसेच, मान थोडी खाली, सगळं अंग दगडासारखं आणि नजर माझ्या पायाकडे. तो एक सेकंद महत्त्वाचा, तेव्हाच मागे फिरायचं. त्याच्यानंतर गुरगुर, मग दात विचकणं, मग हवेत चावा, मग खरा चावा. आणि शेपूट हलतंय म्हणजे खूश आहे असं समजू नका, ताठ उभं शेपूट झरझर हलत असेल तर हात खिशात ठेवा.

प्रसंगच येऊ देऊ नका

कुत्र्याच्या डोक्याने विचार करा. कुरियरवाला येतो, मी भुंकतो, तो निघून जातो. रोज जिंकतोय की तो! त्याला पार्सल देऊन जायचंच होतं हे कुत्र्याला कोण सांगणार. म्हणून ट्रेनिंग सुरू असेपर्यंत त्याला ही प्रॅक्टिसच मिळू द्यायची नाही. आम्ही गेटच्या जाळीला आतून हिरवं शेडनेट लावलं, बेल वाजली की बंड्या आधी मागच्या खोलीत आणि मगच दार. कंटाळवाणं आहे, पण अर्धा फरक इथेच पडला.

साखळीला दिवसभर बांधणं हा उपाय नाही. बांधलेला कुत्रा पळू शकत नाही म्हणून जास्त तुटून पडतो, आणि 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आखूड किंवा जड साखळीला फार वेळ बांधून ठेवणं हा गुन्हाच आहे. मुसकं मात्र जरूर घ्या. पूर्वी मळणीच्या बैलांना बांधायचे तेच, पण कुत्र्यासाठी टोपलीसारखं, ज्यात त्याला तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल. कापडाचं तोंड आवळणारं नको, एप्रिल-मेमध्ये नाशकातल्या उन्हात तर अजिबात नको. आधी मुसक्यात पनीर ठेवून त्याला स्वतःहून तोंड घालू द्या, आठवडाभर नुसतं एवढंच, पट्टा नंतर लावा.

आता खरं ट्रेनिंग, अंतर आणि चिकन

जी गोष्ट त्याला नको वाटते ती इतक्या लांब ठेवा की त्याला दिसते पण तो अजून ताठ होत नाही. ती दिसली की लगेच खाऊ, दिसेनाशी झाली की खाऊ बंद. क्रम महत्त्वाचा, आधी गोष्ट मग खाऊ, उलट केलं तर तो खाऊच्या पिशवीवर संशय घ्यायला लागतो. खाऊ म्हणजे बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन किंवा पनीर, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे. आणि नाशिककरांनो, घरात कितीही पेट्या आलेल्या असू देत, द्राक्षं किंवा बेदाणे देऊ नका, कुत्र्यांची किडनी बंद पडू शकते. कांदाही नाही. आपल्याकडचं नेमकं तेच चालत नाही त्यांना!

मी सुरुवात घरातच केली. माझंच हेल्मेट सोफ्यावर ठेवलं, त्याने बघितलं की चिकन. चार दिवसांनी हेल्मेट हातात, मग डोक्यावर पण काच वर, मग काच खाली. नंतर मित्राला हेल्मेट घालून गल्लीच्या टोकाला उभं केलं, साधारण 40 फुटांवर, आणि दर दोन-तीन दिवसांनी पाच फूट जवळ. एका वेळी पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. कुत्र्याने चिकन घ्यायचं बंद केलं तर तो हट्टी नाही, तुम्ही फार जवळ आलात, परत मागे जा. 15 फुटांवर आमचं गाडं तीन आठवडे अडकलं होतं. एका रविवारी उत्साहात मी पाच फुटांवर नेलं आणि पुन्हा 30 पासून सुरुवात करावी लागली. जॉगिंग ट्रॅकवर न्यायची घाई करू नका, सकाळी तिथे माणसं, पोरं, बाकीची कुत्री सगळं एकदम अंगावर येतं.

"तो भुंकतोय आणि तू त्याला चिकन देतोय, अजून डोक्यावर बसेल" हे आईने मला किमान पन्नास वेळा ऐकवलं. पण भीती ही काही युक्ती नाही की खाऊ मिळाला म्हणून वाढेल. आपल्याला तरी इंजेक्शनच्या आधी पेढा दिला म्हणून सुईची भीती वाढते का?

जेवणावरून गुरगुरत असेल तर "सवय व्हावी" म्हणून ताटात हात घालणं बंद करा, त्याने नेमकी उलटी सवय लागते. लांबून जाताना त्याच्या अन्नापेक्षा भारी तुकडा टाका आणि चालते व्हा. आठवड्याभरात तो तुम्हाला बघून मान वर करून वाट बघायला लागला तर काम होतंय. चप्पल पळवली तर मागे धावू नका, चिकन दाखवून सौदा करा. लहान मुलांना या प्रयोगात घ्यायचं नाही.

एक ट्रेनर मला म्हणाला होता की तुम्ही कुत्र्याचे "अल्फा" व्हा, पाठीवर पाडून दाबून धरा, महिन्यात सरळ करून देतो. ही अल्फाची कल्पना पिंजऱ्यात कोंबलेल्या अनोळखी लांडग्यांवरच्या 1947च्या अभ्यासातून आली, आणि ती लोकांपर्यंत नेणाऱ्या डेव्हिड मेक यांनीच 1999 मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं, खुर्चीसाठी मारामारी नाही. ट्रेनरला एकच प्रश्न विचारा, कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता? उत्तरात गळ्याला आवळणारी साखळी किंवा शॉकचा पट्टा आला तर चहा पाजून निरोप द्या.

गणपतीतले ढोल, दिवाळीचे फटाके आणि आपली रंगपंचमी, या दिवसांत ट्रेनिंगला सुट्टी. रंगलेल्या तोंडाचे ओळखीचे काकाही त्याला परके वाटतात. आतली खोली, पंखा, टीव्हीचा आवाज, चघळायला काहीतरी, आणि पाहुण्यांना तिकडे मज्जाव. फिरवताना गल्लीतल्या कुत्र्यांशी जुंपली तर मध्ये हात घालू नका, त्या तारेत कुत्रा मालकालाही चावतो. पाणी फेका, मध्ये पुठ्ठा किंवा फळी सरकवा.

चावलाच तर

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही नाही. कुत्र्याला लस दिलेली असली तरी त्याच दिवशी माणसाला दवाखान्यात न्या, रेबीज एकदा झाला की परत फिरत नाही. सरकारी दवाखान्यात लस मिळते. खर्च तुम्ही करा, माफी तुम्ही मागा. कायद्याचंही सांगतो, भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 मध्ये पाळीव जनावराबाबत हलगर्जी केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आणि जखम खोल असेल, कुत्रा सूचना न देता चावत असेल किंवा घरात रांगतं मूल असेल तर घरगुती प्रयोग थांबवा आणि वागणुकीवर काम करणाऱ्या पशुवैद्याकडे जा.

बंड्याचं म्हणाल तर आठ महिने लागले. जारवाला आता गेटबाहेर हेल्मेट काढतो, गेटला अडकवलेल्या डब्यातून बिस्किटाचा तुकडा आत टाकतो आणि मग जार उचलतो. बंड्या बसून वाट बघतो. मागच्या आठवड्यात प्लंबर खांद्यावर पाइप घेऊन आला तेव्हा मात्र त्याला मागच्या खोलीतच ठेवला, पाइपवर आमचं अजून काम झालेलं नाही. डबा रविवारी भरायचा असतो आणि झाकण घट्ट लावायचं, नाहीतर मुंग्या होतात.